हात बांधा, पण चांगला

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेतलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं साफसूफ केलेलं.)

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस कोसळतोय, आतून भज्यांचा वास येतोय आणि तरी तुम्ही मेंदूवरचं ऐकायला बसलायत म्हणजे कमालच आहे, मी असते तर आधी आत डोकावून आले असते. फळ्यावर लिहिलंय "स्ट्रोक : मेंदूचं रक्षण आणि नवं संशोधन". बोलणार, त्यावर बोलणार, आयोजकांना शब्द दिलाय.

आधी एक दुरुस्ती. बापूंनी ओळख करून देताना मला डॉक्टर केलं, मी फिजिओथेरपिस्ट. 31 वर्षं मुंबईत काढली आणि आता गावी आलेय. मुंबईत लोक विचारायचे फिजिओ म्हणजे नक्की काय, इथे कोण विचारत नाही, इथे सगळ्यांना पक्कं माहीत आहे की मी मालीशवाली. (हशा) हसू नका, परवा एक आजोबा तेलाची बाटली स्वतःची घेऊन आले होते.

तर आपल्याकडे स्ट्रोकला स्ट्रोक कोण म्हणतं? शिकलेले लकवा म्हणतात, पेपरात अर्धांगवायू येतं आणि घरात म्हणतात "अंगावरनं वारं गेलं". माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. एकदा वारं म्हटलं की ते बाहेरून आलं, मग खिडक्या लावा, घोंगडी घाला, शेक द्या, आणि होतं काय तर बिघडलंय डोक्यात आणि सगळं घर चोळतंय पाय. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, काही वेळा वाहिनी फुटलेली असते. बाहेरून बघून दोन्ही सारखंच दिसतं. सीटी स्कॅन काढल्याशिवाय मोठमोठ्या डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नाही, म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळी देऊ नका, फुटलेलं असलं तर आगीत रॉकेल.

आता आत्याची गोष्ट सांगते. ज्यांनी ऐकलीय त्यांनी भजी बघून या.

1998 सालचा आषाढ. आत्या पडवीत आडाळ्यावर नारळ खवत होती आणि वाटी हातातून गळाली. उचलायला गेली, पुन्हा गळाली. तोंड एका बाजूला, बोलणं लोळीव. घरात सात माणसं होती, सगळी धावली, आणि सगळ्यांनी मिळून काय केलं तर खिडक्या लावल्या. का, तर वारं अजून आत येईल! एक भाऊ पारवा शोधायला गेला, कारण पारव्याचं गरम रक्त चोळलं की हात उठतो. हे तुमच्याकडेही ऐकलं असेल, माना हलतायत बघा. तो भर पावसात चार वाड्या फिरला, पारवा मिळाला नाही, पारव्याचं नशीब. दवाखान्यात नेलं दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यांना मी कधी दोष दिला नाही, रस्ता तसा, गाडी नाही, आणि मुख्य म्हणजे तिला दुखत नव्हतं. छातीत कळ आली की माणूस ओरडतो, मेंदू मरताना बहुतेक वेळा दुखत नाही, तो तुम्हाला घाईच करू देत नाही.

माझी खरी तक्रार पुढची. मी गणपतीला आले तेव्हा दोन महिने झाले होते. आत्या खुर्चीत, अंगावर शाल, भोवती तीन सुना. एक भरवतेय, एक वेणी घालतेय, एक नुसतीच "आत्या काय हवं, आत्या काय हवं" करतेय. उजवा हात मांडीवर पोतेऱ्यासारखा पडलेला. मी म्हटलं, हात हलवून दाखव. ती म्हणाली, "ह्यो हात माजो न्हय." रडत नाही, चिडत नाही, शेजारणीच्या भांड्याबद्दल सांगावं तसं.

दुपारी तिचा डोळा लागला आणि मी बाजूला पेपर वाचत बसले होते. एक डास आला, तिच्या गालावर बसला, आणि तो हात, तो "माजो न्हय" हात, मांडीवरून चांगला वीतभर उचलला गेला आणि परत खाली पडला. गालापर्यंत पोचला नाही. पण निघाला होता! मी पेपर टाकला. म्हणजे हात पुरता मेलेला नव्हता, त्याला कोणी काम सांगत नव्हतं.

याला शास्त्रात नाव आहे, शिकलेला अवापर म्हणूया. एडवर्ड टॉब म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या (त्यावरून पुढे मोठी कोर्टबाजी झाली, प्राण्यांचे हाल केले म्हणून, ते वेगळं व्याख्यान आहे). माकड तो हात वापरणंच सोडून देतं. सुरुवातीला प्रयत्न करतं, जमत नाही, आपटतं, मग दुसऱ्या हाताने भागवतं आणि विसरतं. पण चांगला हात बांधून ठेवला तर? वापरायला लागतं, झक मारत. आत्याचंही तेच झालं होतं, फरक इतकाच की माकडाला तीन सुना नव्हत्या.

मी लायब्ररीत टॉब वाचला होता आणि वय होतं आगाऊपणाचं. भावाचा क्रिकेटचा पायमोजा घेतला आणि आत्याच्या चांगल्या, डाव्या हातावर चढवून मनगटाशी बांधला. म्हटलं आता जेव. घरात जो काही हलकल्लोळ झाला! पहिल्या दिवशी अर्धा भात ताटात, अर्धा पदरात. धाकटी सून स्वयंपाकघरात जाऊन रडली, मोठा भाऊ म्हणाला मुंबईला जाऊन दगड झालीस. गणपतीत म्हातारीचे हाल करतेय म्हणून वाडीत बोलणं झालं ते अजून एकदोघं ऐकवतात. एक जण समोरच बसलेत, नाव घेत नाही. (हशा) तिसऱ्या दिवशी सून घास भरवायला आली तेव्हा आत्याच म्हणाली, "सोड गो, माका करुक दी."

मी पंधरा दिवस राहिले आणि परत गेले. खरी फिजिओथेरपी त्यानंतर आंब्यांनी केली. मे महिन्यात माळ्यावर आढी लावली. पेंढ्याचा थर, आंबे, परत पेंढा. दर दोन दिवसांनी एकेक फळ हातात घेऊन बघायचं, कच्चा कुठला, तयार कुठला, डागी कुठला. हे काम आत्याचं, पन्नास वर्षं तिचंच. तिला भिंतीला टेकवून बसवली आणि आंबे उजव्या हाताशी ठेवले. विचार करा, त्यात काय काय आलं. बोटं फळाच्या आकाराने उघडायची, उचलायचं पण दाबायचं नाही, अंगठ्याने देठाजवळ हलकेच चाचपायचं, मनगट फिरवून मागची बाजू बघायची, ठेवायचं. आणि हे दिवसातून दोन-तीनशे वेळा. मी ओपीडीत रबरी चेंडू वीस वेळा दाबून घ्यायचे आणि पेशंट जांभया द्यायचे. इथे चूक झाली तर आंबा पडायचा आणि माळ्याखालून भाऊ ओरडायचा. त्या वर्षी पडलेल्या आंब्यांचा आमरस आम्ही इतका खाल्ला की शेवटी मुलं कंटाळली.

खोटं सांगणार नाही, नारळ ती परत कधी खवू शकली नाही आणि सुईत दोरा तर सोडाच. पण जेवायची स्वतः, वेणी घालायची वाकडीतिकडी, आणि आढी मरेपर्यंत तिची.

आता कोणी म्हणेल एका आत्यावरून शास्त्र होत नाही. बरोबर. 2006 साली अमेरिकेत एक्साइट नावाची चाचणी झाली, 222 पेशंट, स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हाताला जाड मोजा जागेपणीच्या 90 टक्के वेळ, दुबळ्या हाताला रोज सहा तासांपर्यंत सराव, दोन आठवडे. फायदा झाला आणि वर्षभर टिकला. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असली पाहिजेत, अजिबात न हलणाऱ्या हाताला हे लागू नाही. मोजा घालून उगाच कोणाला छळू नका, आधी दाखवा.

बापूंची चिठ्ठी आली. "शेवटची एसटी साडेसात." सात दहा झाले. अरे देवा, आणि फळ्यावरचा विषय तसाच आहे.

बरं, भराभर सांगते. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, प्राणवायू खातो वीस टक्के. रक्त थांबलं की मधला गाभा मिनिटांत मरतो, पण भोवतीचा भाग बंद पडलेला असतो, मेलेला नसतो. त्याला 1981 पासून पेनंब्रा म्हणतात. पंचांगवाल्यांना छायाकल्प ग्रहण माहीत असेल, त्यातली अर्धवट सावली, तोच हा शब्द. ही सावली वाचवायची म्हणजे मेंदूचं रक्षण. उशीर झाला की मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी जातात असा 2006 सालचा हिशोब आहे. आत्याच्या घरी खिडक्या लावायलाच पाच मिनिटं गेली असतील.

मग औषध देऊन ती सावली टिकवता येईल का? इथे संशोधकांची फार फजिती झालीय. 2006 पर्यंत 1026 उपाय प्रयोगशाळेत तपासून झाले होते, माणसांपर्यंत 114 पोचले, आणि बाजी मारली ती फक्त गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने, बाकी एकही पेशी वाचवणारं औषध टिकलं नाही. एनएक्सवाय-059 नावाचं एक पहिल्या चाचणीत चमकलं, दुसऱ्या, तीन हजारांवरच्या चाचणीत 2007 ला आपटलं. का? उंदीर तरुण, धट्टाकट्टा, आणि औषध पुष्कळदा गुठळी घातल्या घातल्या दिलेलं. आमचा पेशंट सत्तरीचा, बीपी, शुगर, आणि करूळ घाटात ट्रकमागे अडकलेला. एक औषध तर रक्तपिपासू वटवाघळाच्या लाळेवरून केलेलं होतं, गुठळी विरघळवायचं, मोठ्या चाचण्यांत तेही चाललं नाही. आपली वटवाघळं पेरू आणि काजूच्या बोंडांवर जगतात, पारवा सोडून त्यांच्या मागे लागू नका.

आणि ती "मेंदूची ताकद" म्हणून लिहून देतात ती सिटीकोलीन, 2012 च्या चाचणीत 2298 पेशंटमध्ये फायदा दिसला नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे घालवताय ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

चाललेलं काय? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, साडेचार तासांच्या आत, आणि 2015 पासून मोठी वाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी बाहेर ओढणं, निवडक पेशंटना 24 तासांपर्यंतही. वाहिनी उघडते म्हटल्यावर जुनी रक्षक औषधं परत बाहेर काढून तपासतायत. 2020 ला नेरिनेटाइडच्या चाचणीत 1105 जणांत एकूण फायदा नाही, पण ज्यांना विरघळवणारं इंजेक्शन दिलं नव्हतं त्यांच्यात काहीतरी दिसलं. मी अजून आशा सोडलेली नाही, संशोधकांनीही सोडलेली नाही.

सुधारणेबद्दल तीन गोष्टी, त्यातल्या दोन माझ्याच विरोधातल्या. 2015 ला 2104 पेशंटवर बघितलं, पहिल्या 24 तासांतच जोरात उठवून चालवलं तर फायदा सोडा, तोटाच झाला. म्हणजे पहिल्या दिवशी आंबे नकोत. आणि 2017 ला आपल्या भारतातली 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, घरच्यांना व्यायाम शिकवून बघितले, फरक पडला नाही. मला ते वाचून आठवडाभर वाईट वाटत होतं. माझं मत असं की नुसतं शिकवून भागत नाही, मात्रा पुरली पाहिजे, पण हे माझं मत. उलट 2021 ला 72 जणांवरच्या एका छोट्या अभ्यासात दोन-तीन महिन्यांनी वीस तास जादा सराव दिला तेव्हा हात सगळ्यात जास्त सुधारला. आत्याचा पायमोजा नेमका दोन महिन्यांनी! आता योगायोग म्हणा.

हॉर्न वाजला. कंडक्टर ओळखीचा आहे, पाच मिनिटं थांबेल. प्रश्न नंतर, स्टॉपवर विचारा. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं बोबडं, तिन्हीतलं एक दिसलं की घड्याळ बघा आणि किती वाजता शेवटचं नीट बघितलं ते लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. दाराजवळ टेबलावर बीपीचं मशीन ठेवलंय. जाताना प्रत्येकाने हात पुढे करायचा, आणि "आता बरं वाटतंय" म्हणून ज्यांनी गोळी बंद केलीय त्यांनी तर आधी, तुम्ही कोण ते मला माहीत आहे, तिसऱ्या रांगेत बसलायत.