उसना उतार

[दृश्य: पहाट. गोदाघाट. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी टेकवलेली रोड बाईक, मागचा लाल दिवा लुकलुकतोय.]

नाशिककरांचं पूर मोजायचं माप म्हणजे हा दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरभर एकच चौकशी सुरू होते, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. क्युसेकचे आकडे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचे.

आम्हा सायकलवाल्यांचं शून्यही हेच. नदीच्या उलट निघालात तर पश्चिमेला त्र्यंबक. नदीबरोबर निघालात तर पूर्वेला चांदोरी, सायखेडा, नांदूरमध्यमेश्वर. पश्चिमेच्या रस्त्यावर चढ आधी चढून घ्यायचा आणि घरी येताना उतार उपभोगायचा. पूर्वेला उतार आधी हातात पडतो. पण तो उसना असतो, संध्याकाळी फेडावा लागतो.

[दृश्य: गंगापूर रोड. दिवे अजून चालू. दूधवाले, पेपरवाले, फिरायला निघालेले आजोबा.]

आधी पश्चिम. त्र्यंबकचा सरळ रस्ता २८ किलोमीटरचा, पण वाहनं फार. मी गंगापूर रोडने जातो. थोडं लांब पडतं, पण नदी सोबतीला राहते.

शहर संपता संपता आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाईंचं हे ठिकाण, गावाला नावही बाईंचंच. तिथून पुढे सोमेश्वरचा धबधबा, मग गंगापूर. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात या गंगापुरात येऊन राहिल्या होत्या. म्हणजे दोघी सख्ख्या जावा, आणि दोघींची ठिकाणं एकाच नदीच्या काठी. १७७३ साली शनिवारवाड्यात गोपिकाबाईंच्या धाकट्या मुलाचा, नारायणरावाचा खून झाला. 'ध चा मा' केल्याचा ठपका आनंदीबाईंवर आला, तो मराठी भाषेने अजून पुसलेला नाही. या दोन गावांमधलं अंतर सायकलवर फार तर पाव तास. पेडल मारताना मला दर वेळी हा पाव तास जरा जड जातो. चढ काही नसतो तिथे.

गंगापूरला लागूनच गोवर्धन. बस थांब्यावरचं साधं नाव आहे, कुणी मान वळवून बघत नाही. पण पांडवलेण्यांत क्षत्रप-सातवाहनांच्या काळातले शिलालेख कोरलेत, त्यांत हे गोवर्धन आहे. लेणी खोदणाऱ्यांना, दान देणाऱ्यांना पत्ता सांगताना जे नाव पुरलं, तेच आज कंडक्टरला पुरतं.

[दृश्य: गंगापूर धरणाचा मातीचा बांध, लांबून. मागे डोंगरांची रांग.]

हे १९६५ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण. नाशिकच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः इथलंच. पुढे गिरणारे. पावसाळा सरताना इथे टोमॅटोचा बाजार भरतो आणि कॅरेटनी लादलेल्या पिकअपच्या रांगांतून सायकल काढणं ही स्वतंत्र कला होते. तिथून त्र्यंबकच्या दिशेला वळलं की रस्ता हळूहळू अंग उचलतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, त्र्यंबक ७०० मीटरच्या वर. आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. पण जून-जुलैत समोरून पश्चिमेचा वारा आणि पावसाची सर एकत्र आली की हेच शंभर-सव्वाशे मीटर घाटासारखे वाटतात.

त्र्यंबकबद्दल जास्त सांगत नाही. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं काळ्या दगडाचं मंदिर, निवृत्तीनाथांची समाधी, कुशावर्त, डोक्यावर ब्रह्मगिरी. हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे. सायकलवाल्याने बघायचं ते वेगळंच. इथे उगम पावणारी नदी अरबी समुद्र जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीने जमीन पूर्वेला कलती ठेवली आहे, म्हणून. परतताना पाय न हलवता सायकल पळते, तेव्हा हा कल पायांना कळतो.

[दृश्य: दुसरा दिवस. फेब्रुवारीअखेर. नांदूर नाका, उजाडायच्या आत. ट्रकचे दिवे.]

आता पूर्व. छत्रपती संभाजीनगरचा रस्ता. नांदूर नाका गर्दी व्हायच्या आत ओलांडायचा. मात्र पुढच्या शिवारात अगदी काळोखात शिरायचं नाही. उसाच्या फडांत बिबट्या असतो. ही भीती दाखवायची गोष्ट नाही, गोदाकाठचं रोजचं जगणं आहे. इथले शेतकरी रात्री पाणी भरायला जाताना काळजी घेतात, आपण तर पाहुणे.

माडसांगवी, शिलापूर, मग ओढा. पंचवटीतलं काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. आडनावातच गाव आहे. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मंदिर नाशकात, बांधणाऱ्याचं नाव इथे, रस्त्याच्या कडेच्या पाटीवर.

[दृश्य: द्राक्षबागा. मांडवाखाली लटकलेले घड. ट्रॅक्टर, कांद्याने भरलेली ट्रॉली.]

वेग बघा. २८, ३०, ३१. मी काही फार जोर लावत नाहीये. रस्ता सपाट दिसतो, पण नदीला विचारलं तर ती सांगेल. नवखे इथेच फसतात. आपले पाय आज भलतेच चालताहेत असं वाटतं, आणि फोटो काढून घरी पाठवले जातात.

नाशिकला सायकलचं वेड आहे, ते उगीच नाही. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही निघते. पण या मातीतली खरी सायकल अजून ती काळी, दुधाचे कॅन अडकवलेली. तिला गिअर नाहीत, आणि ती रोज परत येते.

[दृश्य: चांदोरी. नदीपात्र. पाण्याबाहेर आलेलं एक दगडी शिखर.]

चांदोरी. दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांचं गाव. पण मी थांबलो तो इतिहासामुळे नाही, बाभळीच्या काट्यामुळे. मागचं चाक बसलं. टपरीसमोर ट्यूब बदलत असताना एक बाबा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"कुठून?"

"नाशिकहून."

"सायकलवर? का बरं?"

या प्रश्नाचं उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. मी विषय बदलला. "बाबा, नदीतली मंदिरं दिसतील का आज?"

"आवर्तन सुटलंय. अर्धीच दिसतील. पाणी उतरू द्या, मग या."

गोदेच्या पात्रात इथे हेमाडपंती धाटणीची जुनी मंदिरं आहेत, वर्षातला बराच काळ पाण्याखाली. कारण खाली नांदूरमध्यमेश्वरला इंग्रजांनी बंधारा घातला, १९०७ ते १९१३ या काळात. त्याचं पाणी मागे तुंबत इथवर येतं. कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडलं जाणारं पाणी, कधी सुटणार यावर देवांचं दर्शन ठरतं. बाबांना पंचांगापेक्षा पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक जास्त पाठ होतं.

[दृश्य: सायखेड्याचा पूल.]

पूल ओलांडला की सायखेडा. मोठ्या पुरात पाणी या पुलावर चढतं, वाहून आलेल्या पानवेली कठड्यांना अडकून बसतात. जवळच दारणासांगवीला दारणा येऊन मिळते, त्यामुळे इथली गोदावरी नाशकातल्यापेक्षा अंगाने भरलेली. पुढे शिंगवे, करंजगाव. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच फवारणीचा वास आणि खड्डे. इथे मान खाली घालून सायकल दामटायची नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर साइडपट्टीवर उतरायचं, वाद घालायचा नाही.

[दृश्य: चापडगाव. पाणथळ. दुर्बिणीतून: बदकं, शराटी, एका पायावर उभे बगळे.]

आणि हे नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांचा संगम. बंधारा बांधला तो शेतीला पाणी द्यायला. दर पावसाळ्यात दोन्ही नद्यांनी गाळ आणला, जलाशय उथळ झाला. अभियंत्याच्या हिशेबात हे नुकसान. पण गाळावर पाणवनस्पती माजल्या, मासे, गोगलगायी, कीटक वाढले, आणि पक्ष्यांनी हा पत्ता लक्षात ठेवला. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून बदकं इथे उतरतात. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं, २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. माणसाच्या फसलेल्या हिशेबातून इतकं चांगलं काही निघाल्याची उदाहरणं मला फार आठवत नाहीत.

मी तासभर बसतो. गूळशेंगदाणे, एक केळं. सायकलचे बूट काढून ठेवलेत. पाण्यावर मधूनच सगळी बदकं एकदम उठतात, एक फेरी मारतात आणि पुन्हा तिथेच बसतात. कशासाठी, ते त्यांनाच माहीत. वर कुठेतरी शिकारी पक्षी असावा.

[दृश्य: दुपार. सायकल उलटी वळते. कडेच्या गवताचे तुरे सगळे पूर्वेकडे झुकलेले.]

आता फेड. दिवस तापायला लागला की दुपारी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे वर चढ, समोर वारा आणि पायांत सकाळचे पन्नास किलोमीटर. निफाडकडून मोठ्या रस्त्याला लागलो. हिवाळ्यात हे गाव सकाळी अंग गोठवतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान दर थंडीत बातम्यांत येतं. आत्ता मात्र डांबर पोळतंय.

हँडलच्या खालच्या दांड्या धरल्या, पाठ वाकवली. २२. मग १९. चांदोरीच्या टपरीवर बाबा नव्हते. उसाचा रस घेतला, आल्याचा तुकडा जास्त टाकायला सांगितला. लाखलगावला बाटली भरली. पुढे वारा वाढला.

ओढ्याला रेल्वे स्टेशन आहे. शिट्टी ऐकू आली तेव्हा मी फाट्यावर होतो आणि सायकल गाडीत चढवायचा विचार मनात येऊन गेला, तो कॅमेऱ्यासमोर कबूल करतो. गाडी नाशिकरोडच्या दिशेने गेली. मीटरवर वेग १४. नाशिक अजून साधारण तेवढेच किलोमीटर.

[दृश्य: मागून घेतलेला शॉट. सायकलस्वार लहान होत जातो. आवाज फक्त वाऱ्याचा आणि साखळीचा.]