पाण्यावर पिकणारं धान्य

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ऑगस्टअखेर कित्येक उथळ तळ्यांत पाणी दिसतच नाही, दिसतं ते उंच गवत. हे मनूमिन, आपल्या भाताचं दूरचं भावंड. नांगर नाही, पेरणी नाही. आपल्या ऋषिपंचमीला बिनदिक्कत चालेल असं, आणि हंगामही भाद्रपदातलाच!

इथली मूळनिवासी जमात असलेले ओजिब्वे लोक सांगतात की त्यांचे पूर्वज अटलांटिक समुद्राच्या बाजूला राहत. ‘अन्न पाण्यावर उगवतं, तिथवर जा’ अशी भविष्यवाणी झाली आणि पिढ्यानपिढ्या पश्चिमेकडे सरकत ते सुपीरियर सरोवरातल्या मॅडलिन बेटावर पोचले. पण पुढचा मुलूख काही मोकळा नव्हता. मिल लॅक्स सरोवराच्या काठी डकोटा ही दुसरी मूळनिवासी जमात आधीपासून हेच धान्य काढत होती. त्यांची म्डेवाकान्तन ही शाखा त्या सरोवराच्याच डकोटा भाषेतल्या नावानं ओळखली जाते.

कापणी दोघांची. एक जण लांब काठीनं नाव रेटतो. दुसरा बसून सीडरच्या दोन हलक्या काठ्या चालवतो. एकीनं ताटं नावेवर वाकवायची, दुसरीनं ओंब्यांवर टपली मारायची, तीही अलगद. पिकलेला दाणा नावेत पडतो, हिरवा ताटावरच राहतो, त्यासाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी. पाण्यात सांडतं ते पुढच्या वर्षाचं बियाणं. मग वाळवायचं, मोठ्या भांड्यात भाजायचं, खड्ड्यात ओतून स्वच्छ मोकॅसिन, म्हणजे मऊ कातडी जोडे, घालून त्यावर नाचायचं, म्हणजे टरफल सुटतं. शेवटी भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडायचं.

या दोन जमातींचा इतिहास बहुधा हाडवैराची गोष्ट म्हणून सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. 1679 साली त्यांच्यात तह झाला आणि तो दोन पिढ्या टिकला. ओजिब्वे फ्रेंचांकडचा माल डकोटांना पुरवायचे आणि बदल्यात त्यांच्या मुलखात शिकार करायचे. फ्रेंच व्यापारी थेट डकोटांशी व्यवहार करू लागले, तेव्हा या देवघेवीतला अर्थच गेला. 1736च्या सुमारास लढाया पेटल्या आणि हळूहळू उत्तरेकडची तळी ओजिब्वेंकडे गेली. दक्षिणेला सरकलेल्या डकोटांना तर अमेरिकेशी झालेल्या 1862च्या युद्धानंतर अमेरिकन सरकारनं राज्यातूनच हाकललं. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मॅनकेटो गावात 38 डकोटांना एकाच वेळी फाशी दिली.

आजचं भांडण पाण्याच्या पातळीचं आणि शुद्धतेचं आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या रोपाची पानं पाण्यावर तरंगत असतात. तेव्हा एखाद्या बंधाऱ्यामुळे पातळी एकाएकी चढली, तर रोप मुळासकट उपटलं जातं. 2018 साली मिनेसोटातल्या व्हाइट अर्थ या राखीव प्रदेशातल्या ओजिब्वेंनी कायदाच केला. मनूमिनला वाढण्याचा, बहरण्याचा आणि स्वच्छ पाण्याचा हक्क आहे, असं त्यात लिहिलं आहे. हा हक्क माणसाला नाही, थेट रोपाला दिलेला आहे.

नमस्कार.