‘हॅलोवीन’ बघताना कडेला बघा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी ‘हॅलोवीन’ या भयपटाचं नुसतं नाव घेतलं, तर खाली कॉमेंट्सचा पाऊस. एक वाचूनच दाखवते. “ताई, तासभर बघितला, रक्त कुठंय? झोप लागली.” अरे बाबा!

माहिती पटकन उरकते. १९७८ चा सिनेमा, दिग्दर्शक जॉन कार्पेंटर, बजेट साधारण सव्वातीन लाख डॉलर, नायिका लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसचा पहिला चित्रपट. मायकल मायर्स सहाव्या वर्षी सख्ख्या बहिणीला भोसकतो आणि पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून पळून गावी येतो. गोष्ट एवढीच.

आता मुद्द्याचं. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की तुम्ही झूम करता ना? करू नका! चित्र आडवं, लांबरुंद आहे आणि कार्पेंटर भीती ठेवतो ती त्या रुंदीत. झूम केलंत की कडा गेल्या. आणि मायकल बऱ्याचदा तिथेच असतो.

मी स्वतः पहिल्यांदा बघितला तो मामाकडच्या डबा टीव्हीवर, दोन्ही बाजू कापलेला. मला वाटलं, लोक उगाच कौतुक करतात. नंतर पूर्ण रुंदीत बघितला आणि पाय वर घेऊन बसले.

तो प्रसंग आठवा. लॉरी दाराशेजारी रडतेय, मागे काळोखी खोली. काही होत नाही. मग त्या काळोखातून मायकलचा पांढरा मुखवटा हळूहळू उजळत जातो. दणकन आवाज नाही, कॅमेरा धावत नाही. तुम्ही लॉरीच्या डोळ्यांतलं पाणी बघत बसलात तर गेलाच तो क्षण! तिच्याकडे नाही, तिच्या मागे बघा.

शेवटाकडेही तेच. ती पुढे दमून बसलेली, मागे धूसर दिसणारा मायकल सरळ उठून बसतो. तिला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. ओरडावंसं वाटतं, “अगं, मागे!” रक्ताच्या बादल्या ओतून हे होत नाही हो.

मुखवट्याबद्दल फार जण विचारतात. हो, खरं आहे, तो ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा स्वस्तातला मुखवटा. डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला. हावभावच नाहीत, म्हणून तो पुढे काय करेल ते कळत नाही. आणि पानगळ? गोष्ट ऑक्टोबरअखेरची, हॅलोवीन सणाची, पण शूटिंग कॅलिफोर्नियात, वसंतात! रंगवलेली पानं पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत तीच. एखाद्या फ्रेममध्ये पामची झाडं दिसली तर हसू नका, गोष्ट थंडीतल्या इलिनॉयची आहे, तिथे पाम कुठून येणार!

संगीत कार्पेंटरचंच. पाच मात्रांचं, त्यामुळे चारवर ठेका धरायला गेलात की पाय अडखळतो. पाच मात्रांचा ठेका त्याला वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. आमच्या तबल्याच्या सरांना ऐकवलं, तर ते मान डोलवत बसले. घाबरले अजिबात नाहीत!

“शेवट कळला नाही” म्हणणाऱ्यांसाठी: मायकलवर उपचार करणारे डॉक्टर गोळ्या घालतात, मायकल गॅलरीतून खाली पडतो, आणि बघतात तर हिरवळीवर कोणीच नाही. मग एकेक रिकामी जागा दिसते. जिना, बैठकीची खोली, बाहेरची घरं. मागे श्वासाचा आवाज. तेव्हाही झूम करू नका, कळलं?