नळीवरची चिठ्ठी

श्रोतेहो, नमस्कार.

रक्त द्यायला हात पुढे केला की बहुतेक माणसं तोंड दुसरीकडे फिरवतात. फिरवा, त्यात काही वाईट नाही. पण सुई निघाली, कापूस दाबून धरला, की एकदा मान वळवून नळीकडे बघा. तिच्यावर काळ्या रेघांची चिठ्ठी कधी चिकटते आणि कुठे उभं राहून चिकटवली जाते, तेवढंच बघा. आज त्या चिठ्ठीविषयी बोलणार आहे.

मी प्रयोगशाळेत कामाला लागलो तेव्हा चिठ्ठी म्हणजे चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने घातलेला आकडा. तोच आकडा रजिस्टरात. सकाळच्या घाईत लिहिलेला 1 दुपारी 7 वाटायचा, ओल्या बोटांनी शाई पसरायची. मग आम्ही दोघं-तिघं नळी उजेडात धरून 'हा सातच आहे' असं बहुमताने ठरवायचो. हसू नका, खरंच असं चालायचं.

बारकोडची कल्पना खरं तर त्याहून जुनी. अमेरिकेत वुडलँड नावाच्या गृहस्थांनी समुद्रकाठच्या वाळूत मोर्सच्या, म्हणजे तारेच्या संदेशलिपीच्या, ठिपक्या-रेघा बोटांनी खाली ओढल्या आणि त्यांतून बारीक-जाड पट्ट्या तयार झाल्या. त्यांना आणि त्यांचे सहकारी सिल्व्हर यांना 1952 साली पेटंट मिळालं. दुकानात पहिली वस्तू स्कॅन व्हायला मात्र 1974 उजाडलं. नळ्यांवर आज सर्रास दिसतो तो कोड 128 हा प्रकार 1981चा. त्याच्या शेवटी एक पडताळणीचं चिन्ह असतं. आधीच्या प्रत्येक चिन्हाची किंमत त्याच्या जागेच्या क्रमांकाने गुणायची, बेरीज करायची, 103 ने भागायचं आणि उरलेली बाकी शेवटी छापायची. स्कॅनर तोच हिशेब पुन्हा करतो. जुळला नाही तर आवाज न करता गप्प बसतो. मला हा गप्प बसणारा स्कॅनर फार आवडतो. सातावर मतदान घेत नाही तो.

अर्थात, चिठ्ठी नीट लावली असेल तर. रक्ताची नेहमीची नळी जेमतेम 13 मिलिमीटर जाडीची, तीही गोल. बारकोड नळीच्या लांबीने लावायचा. नळी उभी धरली की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसल्या पाहिजेत. नवा माणूस हौसेने चिठ्ठी आडवी गुंडाळतो, मग कोडची दोन्ही टोकं वळणाआड जातात आणि यंत्र नळी परत करतं. कोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी, नाहीतर पट्ट्या कुठे सुरू झाल्या हे स्कॅनरला कळत नाही. आणि नळीची एक फट उघडी ठेवायची, आतलं रक्त किती आहे ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

त्या रेघांत तुमचं नाव, वय, आजार यांतलं सहसा काहीच नसतं. असतो फक्त एक क्रमांक. तपासणी यंत्र तो वाचतं आणि संगणकाला विचारतं, 'ही नळी आली, हिचं काय करू?' उत्तर येतं, 'साखर आणि क्रिएटिनिन.' बस. पण नळी जिथे जिथे स्कॅन होते, तिथली वेळ मागे राहते: रक्त कधी काढलं, प्रयोगशाळेत कधी पोचलं, सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, कधी फिरलं. ही वेळ फार कामाची. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, दर तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते. म्हणजे रिपोर्टात साखर उतरलेली दिसली, तर ती माणसाची उतरली की नळी चार तास खिडकीत पडून होती, हे त्या वेळांवरून कळतं. रजिस्टरच्या काळात हे सांगणारं कोणीच नव्हतं.

रेडिओ लहरींवर चालणाऱ्या चिपही आल्यात. त्यांना स्कॅनरसमोर धरावं लागत नाही, अख्खा रॅक एकदम वाचता येतो. ऐकायला छान, पण नळीत पाणीच पाणी असतं आणि उच्च वारंवारतेच्या काही लहरी ते शोषून घेतं, धातूचा रॅक वेगळाच त्रास देतो. म्हणून पट्ट्यावरून धावणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेत बऱ्याचदा चिप नळी धरणाऱ्या छोट्या वाटीत असते आणि नळीवर बारकोडच. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या बारक्या नळ्यांवर कागदी चिठ्ठीचा डिंक टिकत नाही, तिथे चौकोनी ठिपक्यांचा कोड नळीच्या बुडालाच असतो. पेटी काचेवर ठेवली की 96 नळ्या एका झटक्यात वाचल्या जातात.

आता मूळ मुद्दा. हे सगळं नळी ओळखतं, नळीतलं रक्त कोणाचं हे नाही. चिठ्ठी चुकीच्या नळीवर लागली की पुढचं प्रत्येक यंत्र ती चूक अगदी इमानेइतबारे पोचवतं.

एका सकाळी संगणकाने एक रिपोर्ट अडवून धरला. त्या रुग्णाचा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, आदल्या दिवशी 68 होता, आज 91. रक्त चढवलेलं नाही. एका रात्रीत पेशी अशा फुगत नाहीत. बारकोड स्वच्छ, वेळा जुळलेल्या, यंत्र ठणठणीत. वॉर्डात फोन केला. रक्त घेणाऱ्या मुलीने दोन शेजारच्या खाटांवरचं रक्त काढलं होतं आणि चिठ्ठ्या नंतर टेबलावर येऊन लावल्या होत्या. नावही 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारलेलं. झोपेतला माणूस याला 'हो'च म्हणतो. 'तुमचं नाव काय?' असं विचारायचं असतं, मनगटावरची पट्टी तिथेच स्कॅन करायची असते आणि खाटेजवळून हलायच्या आत चिठ्ठी लावायची असते.

आम्हाला खरी धास्ती दुसऱ्या नळीची होती. तो रुग्ण नवा, त्याचा जुना आकडाच नाही, त्यामुळे संगणकाने त्याला अडवलं नव्हतं. क्रमांक टाकला. तपासणी झालेली, नळी थंड कपाटात, रॅक 4, तिसरी ओळ. रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीसाठी थांबलेला. तो रोखला. दोघांचं रक्त पुन्हा मागवलं. अर्ध्या तासात पहिल्या रुग्णाची नवी नळी आली, स्कॅनर टूं वाजला, एमसीव्ही 68.

नमस्कार.