हिल हाउस: करड्या गिलाव्याचं घर

एवढं मोठं घर, पण त्याचं दार पाहा. पश्चिमेच्या भिंतीत, आत ओढून घेतलेलं, लहानसं. खांब नाहीत, नक्षीची पट्टीसुद्धा नाही. भिंत जमिनीतून सरळ वर चढते, धुराडं तिच्यातूनच उगवतं आणि खिडक्या एकसारख्या नाहीत. सजावटीचा मोह इतका आवरलेलं घर त्या काळात बांधायला मोठं धाडस लागलं असेल.

हे स्कॉटलंडमधलं हेलन्सबर्ग. ग्लासगोच्या वायव्येला, क्लाइड नदीच्या खाडीकाठचं गाव. १८५८ साली इथे आगगाडी आली आणि ग्लासगोचे व्यापारी, कारखानदार या चढावर बंगले बांधू लागले. चढाच्या माथ्यावर वॉल्टर ब्लॅकी यांनी जागा घेतली. ब्लॅकी अँड सन ही ग्लासगोची नावाजलेली प्रकाशन संस्था त्यांच्या घराण्याची. तिथे पुस्तकांची सजावट पाहणाऱ्या टॅल्विन मॉरिस यांनी वास्तुकार म्हणून एक नाव सुचवलं: चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश. १९०२ साली त्यांनी अजून पस्तिशीही गाठली नव्हती. इतका तरुण माणूस समोर पाहून ब्लॅकी चकित झाले. मग किल्माकम गावी मॅकिन्टॉश यांनीच बांधलेलं विंडीहिल हे घर त्यांनी पाहिलं आणि शंका मिटली.

ब्लॅकी यांच्या अटी थोड्या, पण ठाम होत्या. लाल कौलं नकोत. विटा, गिलावा आणि लाकडी तुळया असा दिखाऊ मेळ नको. भिंती करड्या, छपराला स्लेटचा दगड आणि घराचं देखणेपण त्याच्या ठेवणीतून यावं. मॅकिन्टॉश यांना हेच हवं होतं. स्कॉटलंडचे जुने किल्ले त्यांनी वहीत रेखाटले होते, त्यांच्यावर व्याख्यानही दिलं होतं. अंगणाच्या बाजूचा हा गोल बुरूज आणि त्याचं निमुळतं छप्पर पाहा. किल्ल्याची आठवण होते, पण नक्कल कुठेच नाही.

आणि काम सुरू कसं झालं? मॅकिन्टॉश काही दिवस ब्लॅकी कुटुंबात राहिले. सकाळ कशी उजाडते, मुलं कुठे खेळतात, बाहेरची माणसं कुठे बसतात, हे पाहिलं. आधी आतली मांडणी ठरली. ती मंजूर झाल्यावरच त्यांनी बाहेरून घर कसं दिसेल त्याचे नकाशे ब्लॅकींपुढे ठेवले. म्हणून कामानिमित्त येणाऱ्यांसाठी ग्रंथालय थेट दाराजवळ आहे. म्हणूनच खिडक्याही अशा विखुरलेल्या दिसतात. आतल्या माणसाला उजेड जिथे लागतो, तिथे खिडकी.

दारातून आत आलं की गडद पाइन लाकडाचा हा दिवाणखान्याबाहेरचा चौक. डोळे इथे मुद्दाम अंधाराला सरावतात. मग हा दिवाणखाना, पांढऱ्या भिंतींवर गुलाबांची नक्षी. मॅकिन्टॉश यांची पत्नी मार्गारेट मॅक्डोनल्ड स्वतः मोठ्या कलावंत होत्या. शेकोटीवरचं गेसोचं, म्हणजे गिलाव्यासारख्या पांढऱ्या लेपातलं, चित्रफलक त्यांचं. या घराचं श्रेय बहुतेक वेळा एकाच नावावर जमा होतं, आणि तो अन्याय आहे.

वरच्या मजल्यावर ही पांढरी शयनखोली. पलंगावर कमानदार छत, पांढरी कपाटं, आणि त्या सगळ्या पांढऱ्यात एक उंच काळी खुर्ची. तिच्या पाठीला शिडीसारख्या आडव्या पट्ट्या आहेत. बसण्यापेक्षा या खोलीतली ही एक काळी रेघ म्हणून ती इथे उभी केली आहे.

आता खिडकीतून बाहेर. मॅकिन्टॉश यांचे वडील पोलीस खात्यात होते, पण त्यांना बागकामाचं वेड होतं. मुलानंही आयुष्यभर फुलं रेखाटली. दिवाणखान्याची ही पुढे आलेली खिडकी म्हणजे बागेतच ठेवलेलं बाक. भिंतीवर गुलाब आणि काचेपलीकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या कडेलाही गुलाब. घर कुठे संपतं आणि बाग कुठे सुरू होते, हे या बाकावर बसून नक्की सांगता येत नाही.

१९०४ साली कुटुंब राहायला आलं. मॅकिन्टॉश यांनी १९१४ मध्ये ग्लासगो सोडलं आणि १९२८ मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं. ब्लॅकी १९५३ मध्ये गेले. १९८२ पासून हे घर स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

मात्र घराचं दुखणं पहिल्यापासूनचं आहे, आणि ते या करड्या गिलाव्यात आहे. जुन्या स्कॉटिश भिंतींवर चुन्याचा खरबरीत गिलावा असे. तो पाणी पितो आणि वारा सुटला की सोडूनही देतो. मॅकिन्टॉश यांनी त्याऐवजी पोर्टलंड सिमेंट वापरलं, त्या काळाचं नवं साहित्य. कडा धारदार याव्यात, भिंत अखंड दिसावी म्हणून भिंतीच्या माथ्यावरचे पाणी झटकणारे दगड त्यांनी वगळले आणि गिलावा थेट वरून फिरवला. सिमेंटला बारीक तडे गेले. तड्यांतून पाऊस आत शिरला, पण बाहेर पडायला वाट राहिली नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस आडवा येतो, वर्षभर येतो. शंभराहून अधिक वर्षांत ती ओल भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोचली.

२०१९ मध्ये ट्रस्टनं संपूर्ण घरावर हा पिंजरा उभारला. रचना कारमोडी ग्रोर्क या वास्तुकारांची. पोलादी सांगाडा, वर भक्कम छप्पर आणि चारही बाजूंना साखळ्यांची जाळी. तिच्यात तीन कोटींहून अधिक कड्या आहेत. बहुतेक पाऊस बाहेर अडतो, वारा मात्र आत खेळतो, मधमाश्या आणि पाखरंही ये-जा करतात. आतल्या मार्गिकांवरून लोक छपराच्याही वर चढतात. या उंचीवरून हे घर पाहायला खुद्द ब्लॅकींनाही मिळालं नव्हतं.

पिंजरा बागेला झाकतो, दूरचं दृश्य बिघडवतो, अशी तक्रार असते. तरीही हा निर्णय योग्यच होता. मॅकिन्टॉश यांच्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीचं २०१४ आणि २०१८ च्या आगींत काय झालं, ते सर्वांनी पाहिलं आहे. ओल आगीसारखी दिसत नाही, पण इमारत तीही संपवते, आणि अशी भिंत वर्षानुवर्षं सावकाश सुकवावी लागते. गिलाव्याचं काय करायचं, हा त्यानंतरचा प्रश्न. सिमेंट हे मॅकिन्टॉश यांच्या हातचं मूळ साहित्य, तेव्हा ते जपावं, असं काहींना वाटेल. आमचं मत चुन्याच्या बाजूनं आहे, कारण त्यांनी रेखाटलेल्या त्या धारदार कडा टिकवायच्या तर आधी त्यांच्यामागची भिंत उभी राहायला हवी.