व्हीएमलिनझ: कर्नलच्या फाइलमध्ये डोकावताना

नमस्कार. संगणक कसा सुरू होतो हे सांगताना ‘बूटलोडर कर्नल मेमरीत आणतो आणि चालू करतो’ असे म्हणून विषय बहुधा उरकला जातो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि बूटलोडर म्हणजे त्याला मेमरीत आणणारा छोटा प्रोग्राम. आज त्या वाक्याच्या आत शिरू. उदाहरण इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवरील लिनक्सचे घेतो, कारण व्हीएमलिनझ ही त्याच्या कर्नलची फाइल कोणालाही उघडून पाहता येते.

[पडद्यावर: हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडलेली व्हीएमलिनझ फाइल]

पहिले दोन बाइट पाहा: एम आणि झेड. विंडोजच्या ईएक्सई फाइलची सुरुवातही याच अक्षरांनी होते आणि हा योगायोग नाही. यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे आजच्या यंत्रांत मदरबोर्डवरच असलेला सुरुवातीचा प्रोग्राम, त्याच घराण्यातले प्रोग्राम चालवते. म्हणून २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून कर्नलला ते रूप देण्याची सोय झाली, आणि मध्ये ग्रब हा बूटलोडर नसला तरी फर्मवेअर त्याला थेट सुरू करू शकते.

आता शून्यापासून मोजत ५१० व्या बाइटवर येऊ. तेथे ५५ आणि एए आहेत. यूईएफआयच्या आधीचे जुने फर्मवेअर, बायोस, डिस्कवरचा ५१२ बाइटचा पहिला सेक्टर मेमरीत आणत असे आणि त्याच्या शेवटी ही खूण असली, तरच तो चालवत असे. एके काळी कर्नल फ्लॉपीवर जसाच्या तसा उतरवून यंत्र सुरू करता येई. ती सोय केव्हाच गेली, खूण मात्र उरली. पुढे ५१४ व्या बाइटपासून ‘एचडीआरएस’ ही चार अक्षरे दिसतात. ग्रब ती पडताळतो, लगतच्या रकान्यांतून बूट प्रोटोकॉलची आवृत्ती वाचतो आणि कमांड लाइन, म्हणजे कर्नलसाठीच्या सूचनांची ओळ, मेमरीत कोठे ठेवली आहे ते कर्नलला कळवतो. इतक्या थोड्या जागेत तीन काळांच्या खुणा सापडतात. मला तरी हे कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक बोलके वाटते.

खरा कर्नल या फाइलच्या पोटात दाबून भरलेला असतो. सोबतचा छोटा प्रोग्राम तो मेमरीत उलगडतो, आणि तेही सहसा दर वेळी निराळ्या पत्त्यावर, म्हणजे हल्लेखोराला अंदाज बांधता येऊ नये. मग ‘स्टार्ट कर्नल’ हे सी भाषेतील फंक्शन मेमरी, शेड्यूलर (प्रोसेसरचा वेळ वाटणारा भाग), इंटरप्ट (उपकरणांकडून येणारे इशारे) यांची मांडामांड करते.

खरा पेच यानंतर येतो. मूळ फाइलसिस्टिम ज्या डिस्कवर आहे, तिचा ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये नंतर भरायचा सुटा भाग, म्हणून त्याच डिस्कवर असेल, तर किल्ली आत ठेवून पेटीला कुलूप लावल्यासारखे होते. म्हणून बूटलोडर कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाची दुसरी फाइलही मेमरीत आणतो. कर्नल ती उलगडतो आणि तिच्यातील ‘इनिट’ हा प्रोग्राम १ क्रमांकाची प्रोसेस म्हणून चालवतो. तो ड्रायव्हर भरतो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्यास पासवर्ड मागतो, खरी फाइलसिस्टिम माउंट करतो, म्हणजे जोडून वापरात आणतो, आणि स्वतःची जागा, त्याच क्रमांकासह, बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रामला देतो.

कर्नल अद्ययावत केल्यावर ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ असा पॅनिक, म्हणजे कर्नल थांबल्याचा संदेश, दिसला, की अनेक जण डिस्क बिघडली असे धरून चालतात. त्याआधी ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा. त्यावर यंत्र सुरू झाले, तर नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस तयार झालेली नसण्याची शक्यता मोठी. डेबियनमध्ये ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ आणि फेडोरामध्ये ‘ड्रॅकट’ ही आज्ञा ती पुन्हा तयार करते.