घोड्यांचा साबुदाणा

नमस्कार श्रोतेहो. आज एकादशी. बहुतेक घरांत साबुदाणा रात्रीच भिजत पडला असेल. तो जरा मोकळा होऊ द्या, तोवर मी साबुदाण्याचीच एक गोष्ट सांगते. उपवासाची नाही हं, घोड्यांची.

1920 नंतरची चारपाच वर्षं. पॅरिसजवळ गार्श नावाच्या गावी पाश्चर इन्स्टिट्यूटचे तबेले होते. घटसर्पावर औषध म्हणून तेव्हा घोड्यांचं रक्त लागे. घोड्याला घटसर्पाच्या जंतूचं विष थोडं थोडं टोचायचं, तेही मवाळ केलेलं, म्हणजे त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं. ते काढून आजारी मुलांना द्यायचं. सर्पदंशावरचं प्रतिविष आपल्याकडे अजून असंच बनतं. पिंपरीला हाफकिनचे घोडे आहेत, ते त्यासाठीच.

तर गार्शच्या त्या घोड्यांवर गास्तों रामों नावाचा माणूस काम करत होता. शिक्षणानं गुरांचा डॉक्टर. आणि माझं आपलं मत आहे, की गुरांच्या डॉक्टरांना माणसांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त दिसतं. पेशंट बोलत नाही, रिपोर्टांची फाईल घेऊन येत नाही. हात फिरवूनच कळायला हवं. असो.

रामोंच्या लक्षात आलं, की काही घोड्यांना सुईच्या जागी गळू होतं, काहींना होत नाही. दुसरा कुणी म्हणाला असता, सुई नीट उकळली नसेल. यानं रक्त तपासलं. ज्यांना गळू झालं, त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त! पुन्हा सांगते, लस सगळ्यांना तीच, पण जिथं सुजलं तिथं फळ जास्त.

मग त्यानं ठरवलं, सूज आपणच आणायची. पण कशानं? हा गडी थेट मुदपाकखान्यातच शिरला म्हणा ना. लसीत पावाचा चुरा घालून पाहिला, स्टार्च घातलं, तेल घातलं. आणि घातला टॅपिओका. टॅपिओका म्हणजे काय? कंदाचं पीठ. आपला साबुदाणा त्याचाच! फ्रान्समधल्या घोड्यांना लसीतून साबुदाणा टोचला, आणि घोडे भरभरून प्रतिविष देऊ लागले. 1925 साली त्यानं हे छापलं. पुढे या माणसाचं नाव नोबेलसाठी दीडशेहून अधिक वेळा सुचवलं गेलं, आणि एकदाही मिळालं नाही. पुरस्कार समित्या सगळीकडे सारख्याच.

लसीला अशी जोड देणाऱ्या पदार्थाला अ‍ॅड्ज्युव्हंट म्हणतात. वैद्यबुवा मात्रेबरोबर मध-तूप सांगतात ना, अनुपान? हे लसीचं अनुपान समजा. पाठ्यपुस्तकात याला काहीतरी जिभेला न वळणारं नाव देतील. मी अनुपानच म्हणणार. पुढच्याच वर्षी इंग्लंडात ग्लेनी यांनी साक्षात तुरटी वापरली. बाळांच्या त्रिगुणी लसीत तुरटीचे भाऊबंद, अ‍ॅल्युमिनियमचे क्षार, आजही आहेत.

आता येऊ स्निग्ध पदार्थांकडे. वेळ थोडा उरलाय, म्हणून एकच सांगते. स्क्वालीन. शार्कच्या यकृतातलं तेल. खोल समुद्रातल्या शार्कला ते तरंगायला मदत करतं, कारण पाण्यापेक्षा हलकं. या तेलाचे डोळ्याला न दिसणारे थेंब पाण्यात घुसळून लसीत घातले, की दंडातल्या पेशी हाकाटी करतात, पहारेकरी पेशी धावत येतात, लसीतला जंतूचा तुकडा उचलून जवळच्या गाठीत नेऊन दाखवतात. नुसता तुकडा टोचला तर वाड्यात चोर शिरूनही कुत्रं भुंकत नाही, तसं होतं. तेल म्हणजे भुंकणारं कुत्रं. म्हाताऱ्या माणसांचा वाडा तर गाढ झोपलेला. म्हणूनच 1997 साली इटलीत स्क्वालीनवाली फ्लूची लस आली, ती वयस्करांसाठी. आणि लस घेतल्यावर दंड ठणकला, तर चोळू नका. पुन्हा सांगते, चोळू नका.

यासाठी शार्क मारायचे, हे मला पटत नाही. त्यांची पिल्लं होतात मोजकी, वाढतात सावकाश. पण आता उसाच्या साखरेवर यीस्ट पोसून त्यापासूनही स्क्वालीन बनवतात. उसाचं इतकं चांगलं काही आमच्या कारखान्यांच्या निवडणुकांत ऐकलं नव्हतं!

स्क्वालीन ऑलिव्हच्या तेलात असतं, आणि राजगिऱ्याच्या तेलात तर भरपूर. हे मागे बोलले होते, तेव्हा एका आजींनी विचारलं, मग लस घ्यायच्या दिवशी राजगिऱ्याचा लाडू खाऊन जाऊ का? आजी, खा, पण लाडू म्हणून खा. स्क्वालीन तुमचं शरीर स्वतःच बनवतं, कातडीच्या तेलकटपणातही ते आहे. लसीत काम करतं ते थेंब होऊन, जंतूच्या तुकड्याशेजारी, दंडात. पोटातल्या लाडवाचा तिथं काही संबंध येत नाही.

चला, खिचडी टाका. दाण्याचं कूट जरा जाडसर ठेवा. नमस्कार.